मधला ह

पनवेलला मी चाळीस वर्षांहून जास्त राहते आहे आणि हे शहर मला आवडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कुणी "पण बाई, आमचे तलाव?" असं मध्येच विचारायला नको. तलाव मी पाहिलेत. एकाच्या काठाने कितीतरी वर्षं रोज फिरायला जात होते. आता त्याला कठडा आलाय, रंगीत दिवे आलेत, कारंजं आलंय, आणि कारंज्याकडे पाठ करून फोटो काढायची खास जागाही आलीये. आणि तलावांचं गाव म्हणून मिरवणाऱ्या या शहरात एप्रिल लागला की आमच्या इमारतीच्या फाटकाशी टँकर उभा असतो.

गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत ठरलं की फाटकावरच्या पाटीवरचा 'पनवेल' शब्द काढायचा आणि तिथे 'नवी मुंबई' लिहायचं. भाव वाढतो म्हणे. मी शेवटच्या रांगेत बसले होते. मला वाटलं, या बाईला काही म्हणायचंय का असं विचारतील. विचारलं खरं, पण काय, तर "बाई, तुम्ही मराठीच्या. नवी ऱ्हस्व की दीर्घ?"

मी म्हटलं, "दीर्घ."

दुसरं काही म्हटलं नाही. चूक दिसली की दुरुस्त करायची, बाकी गाव बुडालं तरी चालेल, असा माझा स्वभाव आहे. त्या स्वभावानेच मी इथे एक घोळ करून ठेवला होता, त्याचीच ही गोष्ट आहे.

पण आधी गावाबद्दल. पनवेल हे मुळात दुसऱ्यांच्या जाण्यायेण्यावर जगलेलं गाव. खाडीत गलबतं यायची, घाटावरून बैल यायचे, माल इथे उतरायचा आणि इथूनच चढायचा. भाताच्या गिरण्या होत्या, मिठागरं होती. बैलगाड्या बनवणारे इथले कारागीर चांगले नावाजलेले होते, म्हणजे गाव विकत होतं तेसुद्धा निघून जायचं साधनच. पुढे खाडी गाळाने भरली आणि बंदराचं नुसतं नाव राहिलं. मग रस्ते आले. कोकणात जाणारा आणि पुण्याला जाणारा, दोघेही इथे वडा खातात, आडोसा शोधतात आणि गाडीत बसतात. "पनवेलला चाललोय" असं म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटला. सगळे "पनवेलवरून" चाललेले असतात.

अशा गावाला एक खोड लागते. येणाऱ्याला जे हवं असेल ते आपण आहोतच, असं म्हणायची. मुंबईवाला आला की आम्ही मुंबईच, पुण्याचा आला की पुण्याचं दार, आणि आता विमानतळ झाल्यावर तर आम्ही काय काय आहोत ते आमचं आम्हालाच सांगता येत नाही. रुळांपलीकडे नवीन पनवेल वसलं, त्याबरोबर इकडचं होतं ते सगळं 'जुनं' झालं. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना "ओल्ड पनवेल" म्हणायचं, तेही जरा अपराध्यासारखं. मग करंजाडे, मग उलवे. उलव्याला माझी एक मैत्रीण राहते, तिच्या खिडकीतून गेली कित्येक वर्षं फक्त क्रेन दिसतात. रोज पुसूनही टीपॉयवर सिमेंट बसतं आणि ती म्हणते, "पण व्ह्यू ओपन आहे."

आणि या सगळ्यात राहायला आलो ते आम्ही. नोकरदार, पुण्या-मुंबईचे, दोन खोल्यांच्या तीन खोल्या करायला आलेले. ज्यांच्या भाताच्या खाचरांवर आणि मिठागरांवर आमच्या इमारती उभ्या राहिल्या त्यांना आम्ही 'लोकल' म्हणतो. हा शब्द आमच्याकडे आगगाडीला कमी आणि माणसांना जास्त वापरतात. लोकलांकडे आता मोठ्या गाड्या आहेत, आमच्याकडे हप्ते आहेत, म्हणून मग आमचं एकच समाधान उरतं. लिफ्टचं दार बंद झालं की कुणीतरी म्हणतंच, "पैसा आला हो, पण बोलणं ऐकलंत का?" आणि सगळे हसतात. मीही हसलेय. त्या लिफ्टमध्ये मी तर मराठीची बाई.

मी लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा नवरा टेलिफोन खात्यात होता आणि मला प्राथमिक शाळेत नोकरी लागली ती खाडीकाठच्या एका गावात. पनवेलहून एसटीने फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून बांधावरून चालत. दोन खोल्यांची शाळा, समोर मिठागरं, मागे देऊळ. ते गाव आता नाही. तिथून विमानं उडतात.

गाव मला सुरुवातीपासून नकोसं झालं होतं. चिखल, मच्छर, सुक्या मासळीचा वास, हे सगळं मी सहन केलं असतं. पण पोरांची भाषा मला सहन होत नसे. आमी, तुमी, हाय, नाय. शब्दाच्या सुरुवातीचा ह त्यांना जमायचा, मधला मात्र गिळून टाकायची. मी ठरवलं होतं, या पोरांना बाकी काही आलं नाही तरी चालेल, 'आम्ही' म्हणता आलं पाहिजे. लोक खेड्यात विहीर खणून देतात, मी ह द्यायला निघाले होते. तेव्हा मला यात काही हसण्यासारखं दिसत नव्हतं.

जूनमध्ये एक मिठागरावरचा माणूस मुलीला पहिलीत घालायला घेऊन आला. काळा, उंच, पायांना मिठाने चरे पडलेले. मी जनरल रजिस्टर उघडलं आणि मुलीचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. त्या नावात मध्ये एक ह आहे, तो त्याने अर्थातच गिळला. मी म्हटलं, "असं नाव नसतं हो. नीट सांगा." त्याने पुन्हा तसंच सांगितलं, जरा मोठ्याने, कारण त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बाकावरची पोरंही हसली आणि मीही हसले. मग मी रजिस्टरमध्ये ते नाव शुद्ध करून लिहिलं, ह घालून, झोकदार अक्षरात, आणि शेजारी त्याचा अंगठा घेतला. तो अंगठा कशावर उठवतोय ते त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचूनही दाखवलं नाही.

ते नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या हातून ते एकदा लिहून झालं आहे.

वर्षं गेली. माझी बदली गावात झाली, म्हणजे पनवेलात. नवरा गेला. मुलगा पुण्याला गेला, म्हणजे ज्या शहरातून मी आले तिथे, आणि तो मला "तिथे काय ठेवलंय" म्हणून विचारतो. मी करंजाड्याला छोटी जागा घेतली. विमानतळासाठी ते खाडीकाठचं गाव उठवलं तेव्हा त्यातली बरीच घरं आमच्या आसपासच आली. मला कोणी ओळखत असेल असं मला वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एक बाई दारात उभी राहिली. पन्नाशीला आलेली, नाकात मोठी नथ, खांद्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद.

"बाई, वलखलाव का मना?"

मी ओळखलं नाही. तिने नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. तिने ते ह घालून सांगितलं, स्वच्छ. क्षणभर मला बरंच वाटलं. म्हटलं, कुणाला तरी शिकवलेलं टिकलं. मग ती खाली चटईवर बसली आणि तिने कागद पसरले.

बापाच्या जमिनीच्या बदल्यात भूखंड मिळणार होता. आई आधीच गेली होती, भाऊ नव्हता, ही एकटी मुलगी. बाप गेल्यावर वारस म्हणून नाव लागलं ते तलाठ्याने रेशनकार्डावरून उतरवलं होतं, आणि ती शाळेत जायच्या आधीच्या त्या रेशनकार्डावर बापाने जसं सांगितलं तसं होतं, ह नसलेलं. पण तिचा शाळेचा दाखला, त्यावरून झालेली लग्नाची नोंद, त्यावरून आधार, सगळीकडे माझा ह. एवढं असतं तर प्रतिज्ञापत्र करून निभावलं असतं. लोकांची नावं चुकतातच. पण तिचा चुलतभाऊ हुशार निघाला. आधी तो मिठागरावर मुकादम होता, आता बिल्डर आहे. त्याने लेखी हरकत घेतली की कागदावरची ती मुलगी, ह नसलेली, लहानपणीच तापाने गेली. ही दुसरीच कोणी, काकाने आणून सांभाळलेली. काकाची मुलगीच नव्हे.

"गावात कुणी सांगेल ना," मी म्हटलं. "तुला लहानपणापासून पाहिलेलं."

"गाव खय हाय, बाई?" ती म्हणाली. "म्हातारी होती ती गेली. उरली ती त्याचे गाडीत फिरतान." मग म्हणाली, "रजिस्टर गावलंय. मोठे शालेत ठेवलेलं. त्यात तुमचा अक्षर हाय, खाली बापसाचा अंगठा. पन वकील बोलतो, बाईनी येवून सांगाला पायजे का नाव मीच बदलला."

तिला भूखंड हवा होता, यात शंका नाही. तो कुणाला नको असतो? पण ती दोन-तीनदा एकच वाक्य म्हणाली, आणि भूखंडाचं नाव न घेता म्हणाली. "मी त्याची नाय, असं बोलतान, बाई."

मी "येईन" म्हटलं. लगेच म्हटलं असं नाही, खोटं कशाला बोलू. चहा केला, कपात साखर हलवत राहिले. सरकारी कचेरीत उभं राहून, मी पस्तीस वर्षं शिकवलेली बाई, माझ्या हातून चूक झाली असं सांगायचं, हे मला जड जात होतं. मनात एक विचार असाही आला की नाव तर आता बरोबरच आहे, चुकलंय ते रेशनकार्ड. तो विचार आला याची मला अजूनही चीड येते.

सुनावणीला मी इस्त्रीची साडी नेसून गेले. साहेब तरुण होते, मराठवाड्याकडचे असावेत, बोलायला नीट. एका बाजूला ती आणि तिचा वकील, दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ, पांढऱ्या कपड्यांत, हातात दोन मोबाइल, आणि त्याचा वकील. चुलतभावाने मला वाकून नमस्कार केला. तोही माझाच विद्यार्थी. त्यालाही मी 'आम्ही' म्हणायला शिकवलं होतं, आणि त्या दिवशी तो संपूर्ण वेळ अतिशय शुद्ध बोलला.

साहेबांनी रजिस्टरची प्रत माझ्यापुढे सरकवली. अक्षर तुमचं का? माझं. हा अंगठा वडिलांचा का? हो, माझ्यासमोर उठवला. मग म्हणाले, "वडिलांनी नाव काय सांगितलं होतं? जसं सांगितलं तसं सांगा."

मी तोंड उघडलं आणि नाव सांगितलं. ह घालून.

मुद्दाम नाही. आयुष्यभराची सवय होती, जीभ आपोआप तिथे गेली. चुलतभावाचा वकील अर्धा उठलाच. "साहेब, नोंद घ्यावी. साक्षीदार स्वतः सांगतात की वडिलांनी दाखल्यावरचंच नाव सांगितलं होतं. म्हणजे वारस नोंदीतली मुलगी वेगळी."

"नाही, थांबा," मी म्हटलं. पुन्हा सांगितलं. अर्धा ह तरीही सुटला. टाइप करणाऱ्या कारकुनाने हात थांबवले आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या ओठांवर हसू आलं. ते हसू मला चांगलं ओळखीचं होतं. समोर ती बसली होती, मांडीवरची पिशवी घट्ट धरून. तिची बाजू माझ्या जिभेवर अडली होती आणि माझी जीभ ऐकत नव्हती. मी पाण्याचा घोट घेतला आणि तिसऱ्यांदा, हळू, एकेक अक्षर चाचपत ते नाव त्या माणसासारखं म्हटलं. ह गिळला. तिने मान खाली घातली.

कारकुनाने माझा जबाब छापून पुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं की सदर नोंद माझ्याकडून 'अनावधानाने' चुकीची झाली. अनवधानाने पाहिजे. माझा हात पेनाकडे गेला, काना खोडायला. मग मी ते वाक्य नीट वाचलं.

"अनवधानाने नाही," मी साहेबांना म्हटलं.

तिचा वकील मला डोळ्याने खुणावू लागला. त्याला तो शब्द सोयीचा होता. साहेब म्हणाले, "मग?"

"मुद्दाम. त्यांनी तीनदा बरोबर सांगितलं आणि मी तीनदा ऐकलं. मला ते नाव अडाणी वाटलं, म्हणून मी बदललं. तसं लिहा."

चुलतभाऊ मोबाइलमध्ये बघत होता. साहेबांनी कारकुनाला मान हलवली, त्याने ते वाक्य काढून माझं वाक्य घातलं आणि मी सही केली. दुसऱ्या वाक्यात वेलांटी चुकली होती, ती तशीच राहू दिली. साहेब म्हणाले की अंगठा आहे, अक्षर आहे, आता जबाब आहे, एवढं पुरे. दोन्ही नावं एकाच मुलीची, आणि ती मुलगी त्यांचीच. वारस नोंद आहे तशी राहील, ह नसलेली.

बाहेर आलो. माझी अपेक्षा होती की ती पाया पडेल किंवा रडेल, आणि मग मी तिला उठवेन. इतकं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगते, मी त्या तयारीत होते. ती कचेरीच्या पायरीवर उभी राहून रस्त्याकडे बघत होती. पुलाखाली गाड्यांची रांग लागली होती, सगळ्या कुठेतरी चाललेल्या.

"बाई," ती म्हणाली, "तुमी ती कागदाची पट्टी धराचाव. आठवतं?"

मला आठवलं नाही. मग आठवलं. पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी मी एकेका पोराच्या तोंडासमोर धरत असे. ह नीट म्हटला की वारा लागून पट्टी हलते. हलली की शाबासकी. पुण्याच्या प्रशिक्षणात शिकले होते, मला त्या युक्तीचा फार अभिमान होता.

"ती पट्टी मी घरा नेली," ती म्हणाली. "बापूस मिठावरना आलेला, जेवाला बसलेला. मी त्याचे तोंडापुढं धरली. बोल्ले, बाबा, माजं नाव बोल, पट्टी हालाला पायजे. बोल्ला. नाय हालली. हसला तो. परत बोल्ला. नाय हालली. मी बोल्ले, बाबा, तुला माजं नाव येत नाय. बाई बोलली, तुला येत नाय."

मी असं म्हटलं होतं का, ते मला खरंच आठवत नाही. म्हटलं असेनच.

"मंग नाय हसला. जेवन तसंच टाकून उठला. त्या दिसापासना त्यानं माजं नाव घेतलं नाय. पोरी बोलाचा. पोरी, पानी दे. पोरी, हिकरं ये. माजे लग्नात बामनानं नाव इचारलं तवा माजे काकाकरं बघला, काकानं सांगितलं. मरताना पन पोरीच बोल्ला." ती हे रागाने बोलत नव्हती. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "आज तुमी तिथं बोल्लाव ना, तवा मना वाटलं, बापसाचे तोंडचं माजं नाव किती वर्सांनी आयकलं."

मला फार लाज वाटली. पनवेलला मी चाळीस वर्षं शिव्या घातल्या, की हे गाव स्वतःचं सगळं पुसून दुसऱ्यासारखं व्हायला बघतं. आणि इथे माझ्यासमोर उभ्या बाईच्या घरातून तिचं नाव मी पुसलं होतं, तेही पगार घेऊन, शाबासकी देत. माणसाला सुचत नाही तेव्हा तो जे येतं तेच करायला जातो. मला शिकवणं येतं, म्हणून दाखवणंच येतं.

"मी आता म्हणू शकते तसं," मी म्हटलं. "त्यांच्यासारखं. आता जमतंय मला. तू माझ्याकडे येत जा, मी तुला त्या नावाने हाक मारेन."

तिने माझ्याकडे पाहिलं. पहिलीच्या वर्गात मी कुणाला चूक समजावून सांगताना जशी बघत असेन, अगदी सावकाश, तशी.

"नको, बाई," ती म्हणाली. "तुमचं आयकून मी त्याचं इसरून जाईन."